गोदी बुडवणारी पेटी

लंडनच्या पूर्वेला ली नदी थेम्सला मिळते, तिथे ट्रिनिटी बॉय वॉर्फ नावाचा जुना धक्का आहे. २००१ साली या धक्क्यावर मालवाहू कंटेनर एकावर एक रचून, त्यांना बोटीसारख्या गोल खिडक्या पाडून ‘कंटेनर सिटी’ उभी केली गेली. शेजारीच ईस्ट इंडिया डॉकचा उरलासुरला भाग आहे. आपल्याकडचा माल भरलेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं याच गोदीला लागत. गोदी १९६७मध्ये बंद झाली, पाठोपाठ लंडनच्या इतर गोद्याही गेल्या. त्यांना बुडवण्यात मोठा हात याच कंटेनरचा, या लोखंडी पेटीचा. १९५६मध्ये माल्कम मॅक्लीनने ५८ पेट्या लादून ‘आयडियल एक्स’ हे जहाज अमेरिकेत नूअर्कहून ह्यूस्टनला धाडलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत बंदरांचा नकाशा पालटला. थोराड कंटेनर जहाजं लंडनच्या जुन्या गोद्यांत मावेनात. ती टिलबरीला, फेलिक्स्टोला जाऊ लागली. लंडनचे गोदी कामगार घरी बसले. पुढे हीच पेटी लंडनमध्ये भाजी पिकवायला निघाली. पापक्षालन म्हणायचं तर म्हणा!

या भाजीवाल्या पेट्यांत मला आवडलेली पेटी ‘ग्रोअप बॉक्स’. केट हॉफमन आणि टॉम वेबस्टर यांनी ती २०१३मध्ये लोकवर्गणीच्या जोरावर उभारली. खाली कंटेनर, त्यात तिलापिया माशांच्या टाक्या. वर डोक्यावर हरितगृह. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साचतो. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, म्हणजे झाडांसाठी आयतं खत. ते पाणी पंपाने वर चढतं, उभ्या नळकांड्यांतल्या पालेभाज्यांची मुळं त्यातलं नायट्रेट शोषून घेतात आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे उतरतं. मातीचा कण नाही.

माती नसण्याचा आणखी एक फायदा वजनाचा. कंटेनरचा सगळा भार त्याच्या चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो, म्हणून तर जहाजावर एकावर एक पेट्या चढवता येतात. मधलं छत मात्र पातळ पत्र्याचं. त्यावर ओल्या मातीचे वाफे घातलेत तर ते खाली येईल. आणि जागा ती किती? वीस फुटी पेटी म्हणजे १६० चौरस फूट, आपल्या बीडीडी चाळीतली एक खोली. त्या खोलीत संसार उभे राहिले हे खरं, पण भाजीला ऊन लागतं आणि या खोलीला खिडकीच नाही.

इथेच पेटीत शेती करणाऱ्या बहुतेकांचं गणित फसतं. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा. बंद पेटीत एलईडी लावले की बाराही महिने लेट्यूस येतं, फोटोही छान जांभळे निघतात. पण सूर्य जे फुकट देतो, त्याचं बिल इथे महिन्याच्या महिन्याला येतं. २०२२मध्ये ब्रिटनमधले विजेचे दर भडकले आणि दिव्यांखालची शेती करणारे भले भले हबकले. ग्रोअपच्या मंडळींनी तर त्याआधीच पेटी मागे टाकली होती. पुढे त्यांनी शेती उभी केली ती केंटमध्ये, जैवइंधनावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या शेजारी. थोडक्यात, ऊर्जा जिथे आहे तिथे शेती गेली.

मग पेटीचा उपयोग काय? तिचा खरा गुण एकच, ती उचलता येते. हा गुण ओळखला तो किंग्ज क्रॉसमधल्या ‘ग्लोबल जनरेशन’ या संस्थेने, आणि तेही कंटेनरविना. २००९च्या सुमारास तिथे रेल्वेच्या जुन्या जमिनीवर प्रचंड बांधकाम सुरू होतं. संस्थेने राडारोडा भरायच्या उघड्या लोखंडी पेट्या घेतल्या, ज्यांना इथे स्किप म्हणतात. त्यांत माती भरून आसपासच्या मुलांना हाताशी धरून भाजीपाला लावला. बिल्डरला जागा हवी झाली की ट्रक यायचा, बाग उचलायचा आणि पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर ठेवायचा. अशी ती बाग वर्षानुवर्षं हिंडत राहिली. पुढे वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी तिथे टाकून दिलेल्या जुन्या खिडक्या जोडून काचघरही बांधलं. लंडनमध्ये बागेला जमीन मिळते ती उसनी. उसन्या जमिनीवर मुळं धरायची तर जमीन सोबत घेऊन फिरावं लागतं, हे या मंडळींना कळलं होतं.

गोदी आणि बाग यांची सांगड आपल्याकडेही जमली आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्या तेव्हाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी वीसेक वर्षांपूर्वी भाज्या आणि फळझाडं लावली. खत कसलं, तर त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं. ना एलईडी, ना पंप. लंडनच्या जांभळ्या पेट्यांपेक्षा मला ही गच्ची शंभरदा शहाणी वाटते.

तरीही कुणाला कंटेनरचीच हौस असेल तर थोडं सांगून ठेवतो. आतली प्लायवूडची जमीन आधी उखडून टाका. कीड लागू नये म्हणून तिला औषध चोपडलेलं असतं. तळाला पाणी निचरायला भोकं पाडा आणि छत कापून काच किंवा शेडनेट घाला. छत तसंच ठेवून उरण-पनवेलच्या उन्हात पालक लावाल, तर तो शिजूनच बाहेर येईल.