पायाखालचा खडक वाहतो. मग कोरपना निर्धास्त कसे?

कोरपना तालुक्यातला चुनखडक गडचांदूर, आवाळपूरच्या सिमेंट कारखान्यांत जातो. हा खडक पुरातन समुद्रात साचला. तो ज्या प्लेटवर आहे, ती आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकते. कशी?

खडक कसा वाहतो?
पृथ्वीच्या कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. ते घनच; पण प्रचंड उष्णतेत लाखो वर्षांच्या हिशेबाने वाहते. वाहण्याला होणारा विरोध म्हणजे विष्यंदिता. प्रावरणाची विष्यंदिता मधाच्या साधारण १ वर २० शून्ये इतकी पट आहे.

प्लेट कशी बनते?
खडक तापला की विष्यंदिता घटते आणि तो वर चढतो. पृष्ठभागाजवळ थंड होताच ती इतकी वाढते, की खडक ताठर होतो. हीच प्लेट. जुनी, जड प्लेट समुद्रतळाच्या खंदकातून खाली बुडताना मागचा भाग ओढते. कवच कुठेच कमकुवत नसते, तर मंगळासारखे एकच अखंड झाकण उरले असते.

आपल्याला काय?
आशियाशी होणाऱ्या टकरीचा ताण ताठर प्लेट आतपर्यंत पोहोचवते. किल्लारी प्लेटच्या सीमेपासून दूरच होते. तरी ३० सप्टेंबर १९९३ रोजी ६.२ क्षमतेच्या भूकंपात सुमारे १० हजार जीव गेले, बहुतेक दगडमातीच्या जड भिंतींखाली. म्हणून घरकुल बांधताना दारांच्या वर, चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा हवाच. सिमेंट तालुक्यातच बनते. ते योग्य जागी पडावे, हा आग्रह ग्रामपंचायतींनी धरावा.