गंजाचा आवाज, हौसेचा आवाज

मावळात मोठ्या आवाजाने जाणाऱ्या पिकअप दोन प्रकारच्या असतात. एकीचा सायलेन्सर गंजून फुटलेला असतो आणि मालक काम आधी दिवाळीपर्यंत, मग भात निघेपर्यंत ढकलत असतो. दुसरीचा सायलेन्सर धडधाकट होता, तो मुद्दाम कापून घेतलेला असतो. रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच. आपल्याला मात्र इंजिन चालू होताच फरक कळतो. पहिल्या गाडीचे काम आपल्याकडे यायचे असते, दुसरीचे आपल्यापैकीच कुणीतरी करून दिलेले असते.

बुलेटच्या फटाक्यापासून सुरू झालेली ही हौस आता पिकअपपर्यंत पोचली आहे. शनिवारी घाट चढून येणाऱ्या व्ही-क्रॉस आणि हायलक्सवाल्यांचे एक वेळ सोडा. पण कामशेतचा, पवनानगरचा पोरगा बोलेरो पिकअप घेऊन येतो, हप्ते अजून फिटायचे असतात, आणि म्हणतो, "वस्ताद, जरा आवाज काढून द्या." सोबत मोबाइलवरचा व्हिडिओ असतो. त्यात अमेरिकेतली पिकअप, पेट्रोलवर चालणारे आठ सिलिंडरचे इंजिन आणि तो गडगडाट.

त्या पोराला खरे सांगायची जबाबदारी वस्तादाची आहे. तो गडगडाट पाइपात तयार होत नाही. त्या व्ही-एट इंजिनाच्या क्रँकची घडण अशी असते की प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, म्हणून आवाज अडखळत, गुरगुरत बाहेर येतो. आपल्या पिकअपचे चार सिलिंडर एका ओळीत, दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट, घड्याळासारखा. दोन हजार आरपीएमला सेकंदाला साधारण 67 ठोके, तीन हजारला 100. त्यातून अडखळ काढणार कुठून? शिवाय मध्ये टर्बो बसलेला. टर्बाइनच्या पात्यांतून जाताना वायूचा प्रत्येक ठोका आधीच बोथट झालेला असतो. म्हणून टर्बो डिझेलच्या सायलेन्सरची डबी कापली की गडगडाट मिळत नाही. मिळते ती टर्बोची शिट्टी, एक भसाडा फुत्कार आणि केबिनमध्ये सतत घुमणारा हुंकार. हा हुंकार नेमका त्याच आरपीएमला घुमतो, ज्यावर गाडी जुन्या हायवेने टॉप गिअरात तळेगाव ते लोणावळा जाते. आठ दिवसांत गिऱ्हाईक कानाला हात लावून परत येते, आणि कापलेली डबी तोवर भंगारात गेलेली असते.

"डबी काढली की गाडी मोकळी होते, ओढते," हेही अजून सर्रास सांगितले जाते. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनांच्या काळातून आलेली ही समजूत आहे. आजच्या पिकअपमध्ये डिझेल किती सोडायचे ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. मागचा पाइप मोकळा केल्याने ईसीयूच्या हिशेबात कमाल ताकद वाढत नाही. इंजिन मोठ्याने बोलू लागले की चालवणाऱ्याला ते जोरात पळते आहे असे वाटते, एवढेच.

आता आकडे. साधारण 2 ते 3.5 टन एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला आपल्याकडे आवाजाची मर्यादा 77 डेसिबल आहे. ती गाडी मायक्रोफोनसमोरून साडेसात मीटरवरून जोर देत जाताना मोजतात. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा लागतो. त्यामुळे "थोडासाच वाढवला" या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कंपनीच्या डबीतले कप्पे, भोकांच्या नळ्या, त्यांची लांबी हे सगळे ठरावीक कंपने मारण्यासाठी बेतलेले असते. 1966 मध्ये स्थापन झालेली, पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था हेच मोजण्याचे, तपासण्याचे काम करते. तिथे पास झालेली डबी ग्राइंडरने उघडून आतली जाळी काढली की त्या सगळ्या मोजमापाचे काहीच उरत नाही.

कायद्याची बाजू गॅरेजवाले बहुधा मालकावर ढकलतात. "गाडी त्याची, दंड त्याचा." ही समजूत महागात पडेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीवेळच्या मूळ घडणीत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात ते पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आले. त्यात बेकायदा बदल करून घेणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण त्याच कलमात नियमबाह्य बदल करणाऱ्या 'डीलर'ला प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. आता कायद्याच्या सुरुवातीची व्याख्या काढून बघा. डीलर या शब्दात वाहन दुरुस्तीचा धंदा करणाराही धरलेला आहे. म्हणजे डबी कापण्याच्या मजुरीवर दंडाची जी जोखीम तुम्ही घेता ती मालकाच्या जोखमीच्या वीसपट आहे. हजार-दीड हजार रुपयांसाठी हा सौदा कोण करतो? दुर्दैवाने, पुष्कळ जण करतात. पोलिसांनी पुण्यासह अनेक शहरांत रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते बहुतेक बुलेटचे होते. पिकअपची पाळी येणार नाही असे समजायचे कारण नाही.

लोणावळ्यात हा प्रश्न जास्त टोचतो. जुना हायवे गावाच्या पोटातून जातो आणि दोन्ही बाजूंना घरे, दवाखाने, शाळा आहेत. शांतता क्षेत्रात रात्री दहानंतर 40 डेसिबल, निवासी भागात 45 ही नियमातली मर्यादा आहे. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी योगाचा, श्वासाचा अभ्यास करायला कैवल्यधाम इथे काढले, ते काही फटाके ऐकायला नाही. आणि दरीच्या कडेला आवाज विरतो असे कुणी म्हणत असेल तर त्याने पावसाळ्यात टायगर पॉइंटच्या वाटेवर कोपऱ्यातल्या घरात एक रविवार काढावा.

बीएस-६ गाड्यांत मामला आणखी बिघडतो. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ आला, म्हणजे काजळी धरणारी गाळणी. ती गाळणी साधारण 600 अंशांवर स्वतःतली काजळी जाळते, याला रीजनरेशन म्हणतात, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, एका लयीत पळावी लागते. मावळातली पिकअप पळते कशी? डेअरीपर्यंत चार किलोमीटर, पॉलिहाऊसमधून फुले भरून फाट्यापर्यंत सहा किलोमीटर, मध्ये थांबत थांबत. काजळी जळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी जोर सोडते, आणि मालक येऊन म्हणतो, "काढूनच टाका ती डबी, आवाजपण चांगला येईल." इथे हौस आणि त्रास एकत्र येतात, म्हणून मोह जास्त. उपाय साधा आहे. गाडी घेऊन हायवेवर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवा. तरी दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून रीजनरेशन करा, प्रेशर सेन्सरच्या नळ्या तपासा. गाळणी काढली तर सेन्सर फसवावे लागतात, पीयूसी खोटी होते आणि डिझेलचा धूर मोकळा सुटतो. त्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. तो धूर सगळ्यात आधी पाइपाशी वाकलेल्या माणसाच्या छातीत जातो. तो माणूस म्हणजे तुमचा हेल्पर.

पाइप बाजूला, मागच्या चाकाच्या आधी काढून देण्याची फॅशनही आली आहे. दिसायला झोकदार. पण दिवाळीनंतर याच पिकअप हौद्याच्या वरपर्यंत भाताचा पेंढा भरून जातात, पेंढा बाजूंनी खाली लोंबत असतो. रीजनरेशन चालू असताना तापलेला वायू तिथे सुटला तर काय होईल हे सांगायला नको. सांधा नीट बसला नाही तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो तो वेगळाच. त्याला वास नसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की या भागात एक्झॉस्टच्या कारागिराचा खरा धंदा गंजाचा आहे आणि त्याकडे आपण नीट बघितलेले नाही. एक लिटर डिझेल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने पाइपातून जाते. डबी पुरती तापली तर वाफ बाहेर पडते. चार किलोमीटरच्या फेरीत ती तापत नाही, पाणी आतच साचते आणि डबी आतून खात जाते. वरून लोणावळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. मालक म्हणतो चिखलाने गंजली. चिखलाचा वाटा आहे, पण पुष्कळ डब्या आतून आधी जातात.

डबीच्या सगळ्यात खालच्या जागी कंपनीने कधीकधी एक बारीक भोक ठेवलेले असते, साचलेले पाणी गळायला. आपले लोक ते गळती समजून इमानेइतबारे वेल्डिंगने बुजवतात. मग पुढच्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी तळ जातो. दुसरी गोष्ट धातूची. कंपनीच्या बऱ्याच डब्या 409 स्टेनलेसच्या असतात. या जातीला लोहचुंबक चिकटतो, म्हणून साधे लोखंड समजून 6013 ची काडी मारली जाते आणि सांधा एका पावसात लाल होतो. 409 ला साधा पाइप जोडायचा असेल तर 309 एल ची तार वापरा, काम टिकते. आणि स्वस्तात मिळतो म्हणून जीआय पाइप शेपटाला लावू नका. जस्ताचा धूर वेल्डरला रात्री थंडीतापाने आडवा करतो.

अशा प्रकारे दुरुस्त केलेल्या गाडीचा आवाज ऐका. गॅस्केट बदललेले, हँगरचे रबर नवे, फ्लँज घट्ट, इंजिन माउंटिंग तपासलेले. फाटका फरफराट जातो आणि इंजिनाचा मूळ, खालचा सूर तेवढा उरतो. आवाजाची आवड आम्हाला कळते. आपल्यातले कित्येक जण त्या आवडीनेच या धंद्यात आले. "आवाज काढून द्या" म्हणणाऱ्या पोराला आधी हा आवाज ऐकवून बघा. आणि हा आवाज बैलांनाही सोसावा लागतो. बैलगाडा शर्यतींना 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली, आणि शर्यतीच्या घाटाघाटावर बैल पिकअपमधून जातात. आपला बैल फटफटणाऱ्या पाइपाच्या वर तासभर उभा करायला कोणता गाडामालक तयार होईल?

एक शेवटचा मुद्दा, जरा अडचणीचा. कापलेल्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, प्लॅटिनम, पॅलेडियम असते. मारुती इकोचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायचे ते त्याचसाठी. गिऱ्हाईक आवाजाच्या नादात असते आणि सुटा झालेला भाग कुठे गेला ते विचारत नाही. काही ठिकाणी आवाज काढून देण्याची मजुरी कमी घेतात, त्यामागे हेच गणित असते. ज्यांना हे लागू नाही त्यांनी बिलावर एक ओळ वाढवावी: 'जुना भाग मालकाला परत दिला', खाली मालकाची सही.