वाफसा आणि तापमापी

आपल्याकडे सोयाबीन पेरण्यापूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असे सांगतात. अमेरिकेतील आयोवा, इलिनॉय राज्यांत एप्रिल-मेमध्ये मका व सोयाबीन पेरणारा शेतकरी मात्र जमीन तापण्याची आणि वाफसा येण्याची वाट पाहतो!

कारण तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातच आहे. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता कोरड्या मातीच्या सुमारे पाच पट असते. शिवाय बाष्पीभवनातही उष्णता खर्च होते. त्यामुळे हिवाळ्यानंतर ओली राहिलेली जमीन ऊन पडूनही गारच राहते. मक्याचे बी सुमारे १० अंश सेल्सियसखाली रुजत नाही, थंड चिखलात कुजते. वाफशाविना यंत्र घातले तर माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. २०१९ च्या वसंतात पाऊस थांबेना, तेव्हा त्या देशात सर्व पिके मिळून १.९ कोटी एकरांहून अधिक जमीन पेरणीविना राहिली.

पेरणी किती टक्के झाली आणि उगवण किती, हे तेथील कृषिखाते हंगामात दर आठवड्याला जाहीर करते. वृत्तपत्रे पहिल्या आकड्याचे कौतुक करतात. मला विचाराल तर दुसराच आकडा खरा बोलका.

आणि शिक्षकहो, तांब्याच्या गोळ्याची गणिते किती दिवस घालणार? दोन कुंड्या घ्या, एक कोरडी, एक ओली. दोन्हींत पाच सेंटिमीटर खोल तापमापी ठेवा आणि दुपारी मुलांनाच वाचू द्या.