पत्र्यावर वेल चढवा, पण अंगण सोडू नका

मार्च संपत आला की दवाखान्यात एका ठराविक तक्रारीचे वृद्ध रुग्ण येऊ लागतात. झोप नाही, अन्नावर वासना नाही, लघवी कमी, डोके जड. ताप पाहावा तर नाममात्र, रक्त तपासावे तर फारसे काही निघत नाही. अशा वेळी मी विचारतो, "आजी, झोपता कुठे?" उत्तर बहुधा एकच येते, "मागच्या खोलीत." मागची खोली म्हणजे घराच्या मागे किंवा बाजूला, नगरपालिकेने मोकळे ठेवायला सांगितलेल्या सामासिक अंतरात चार भिंती उभारून वर पत्रे टाकलेली जागा. स्लॅबची खोली टीव्हीला आणि पाहुण्यांना, आणि आजी-आजोबा पत्र्याखाली, अशी आपल्याकडची वाटणी आहे.

शरीर आपली उष्णता मुख्यतः दोन वाटांनी बाहेर टाकते, घामाने आणि आजूबाजूच्या थंड वस्तूंकडे. डोक्यावरचा पत्राच हात लावता येणार नाही इतका तापलेला असेल, तर दुसरी वाट उलटी होते. शरीर उष्णता देण्याऐवजी घेऊ लागते. पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. वृद्धांना तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा काही मानसिक आजारांची औषधे चालू असतील तर धोका वाढतो. (म्हणून गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.) पत्रा रात्री लवकर निवतो हे खरे, पण तापलेल्या विटांच्या भिंती आणि बाहेरचा कोबा पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतात.

यावर अलीकडे एक उपाय बोलला जातो, छतावर हिरवळ. उपाय चांगला आहे आणि आपल्याला नवाही नाही. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात मे महिन्यात दुपारी ज्यांनी डुलकी काढली आहे, त्यांना मातीच्या छताचा गुण सांगायला नको. माती उष्णता सावकाश आत सोडते, वर झाडोरा असेल तर सावली मिळते आणि पानांतून उडणारे पाणी गारवा देते.

पण याच उपायाला जोडून दुसरी एक मागणी ऐकू येते, ती मला मान्य नाही. शेडवर हिरवळ लावली की ती शेड बांधकामाच्या मोजणीत धरू नये, आणि सामासिक अंतरातही चालवून घ्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. छतावर जमीन परत दिली ना, मग खाली का अडवता, हा त्यामागचा हिशेब. तो कागदावर जुळतो, आरोग्यात जुळत नाही. छतावरच्या चार बोटे मातीतून पाणी बोअरला जात नाही. शेजारच्या घराच्या खिडकीत वारा येतो तो मोकळ्या बोळातून. आणि रुग्णाला खाटेसकट बाहेर काढायचे असते ते त्याच बोळातून, हे मी जिन्यांवर आणि बोळांत घामाघूम होऊन शिकलो आहे.

मोकळी जागा सोडण्याचा नियम हा कुणा बाबूचा छळवाद नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने इमारतींमधील अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला, तो खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचावा म्हणून. क्षयाचे जंतू आजही अंधाऱ्या, बंद खोलीतच अधिक सहज पसरतात.

हिरव्या छतांचा प्रसार ज्या जर्मनीत मोठा झाला, तेथील सर्वसाधारण नियम पाहा. निवासी भागात साधारणपणे भूखंडाच्या ४० टक्के जागेवर घर, आणि गॅरेज, कोठारे, गाडीचा रस्ता सगळे धरून ६० टक्क्यांपर्यंत. १९९० पासून ही आउटहाउसेही मोजणीत धरली जातात. गॅरेजच्या सपाट छतावर हिरवळ करा, अशी अट तेथील अनेक गावे वर घालतात. म्हणजे हिरवळ ही अट आहे, सवलतीची पावती नव्हे. आपल्या नगरपालिकांनी हेच करावे. जी शेड नियमात बसते तिच्यावर हिरवळीचा किंवा पांढऱ्या रंगाचा आग्रह धरावा, जी बसत नाही तिला हिरवळीने पवित्र करून घेऊ नये.

आता ज्यांना उत्साह आला आहे त्यांना वजनाची धास्ती घालतो. भिजलेली बागेतली माती फक्त १० सेंटिमीटर थराने घातली तरी चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर हा भार दोन टनांच्या आसपास जातो. अँगलवर टेकलेल्या पत्र्यांना तो पेलणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर पडून. तेव्हा स्लॅब असला तरी अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर माती चढवू नका.

पत्र्यासाठी त्यापेक्षा सोपा मार्ग आपल्या आजीला ठाऊक होता. वेल जमिनीत लावायचा आणि वर चढवायचा. दोडका, कारले, भोपळा, काहीही. पत्र्याला चिकटू न देता हातभर उंचीवर बांबूचा मांडव केला तर मधून वारा खेळतो. वेलाला मुळे धरायला वीतभर माती मात्र खाली उघडी हवी; सगळीकडे फरशी घातली असेल तर आधी एक फरशी काढा. जेथे वेल शक्य नाही तेथे पांढरा चुना किंवा पांढरा रंग. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर मृत्यू जास्त झाले. २०१३ पासून तेथे उष्णतेसाठी कृती आराखडा राबवला जातो, आणि गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम पुढे त्यातूनच निघाले. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. मांडवासाठी त्यांना भोके पाडू नका, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

छतावर कुंड्या ठेवणारांनी खालच्या बशा काढून टाकाव्यात. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतून कोरडे करायचे.

आणि यंदा वेल वाढेपर्यंत दुपारी बारा ते पाच आजी-आजोबांना पुढच्या खोलीत आणा. बोलणे असंबद्ध झाले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजा. तापाच्या गोळीचा उपयोग नाही. अंगावर पाणी मारा, वारा घाला, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका आणि थेट रुग्णालय गाठा.