मोटारी मोजायच्या की घरं?

बीडहून सोलापूरकडे निघालं की पालीच्या पुढे घाट लागतो. तो चढून वर आलं की मांजरसुंबा. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे नगरहून अहमदपूरकडे जाणारा रस्ता छेदतो, त्यामुळे चौकात गाड्यांची, चहाची आणि हल्ली सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची कमतरता नाही. या चौकापासून थोडं आत एका घरी गेल्या महिन्यात आमच्या एका वाचकाने बोलावून घेतलं. त्या भागात नेटवर्किंगची कामं करणारा हा तरुण. घरमालकाच्या पडून असलेल्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून त्याने सगळ्या घराला नेट वाटून दिलं होतं. दोन लॅन कार्डं, एकात ऑपरेटरची लाइन, दुसऱ्यातून स्विच, स्विचवर वायफायचा डबा. वायरिंग नीटनेटकं, चिठ्ठ्या लावलेलं. तरी घरातून तक्रार एकच: संध्याकाळी नेट अडकतं. दोनदा प्लॅन वाढवून झाला होता. मुलीची ऑनलाइन टेस्ट मध्येच गोल गोल फिरत राहायची, आणि दुपारी स्पीड टेस्ट लावली की आकडा ऐटीत यायचा.

"सर, मास्करेड बरोबर आहे, फॉरवर्डिंग चालू आहे, डीएनएस पण ठीक आहे. मग घोळ कुठं होतोय?"

त्याने सांगितलेलं सगळं खरंच बरोबर होतं. आमची अडचण वेगळीच झाली. हा विषय आम्ही या मासिकात जेवढ्या वेळा छापला, तेवढ्या वेळा लेख नेमका इथेच संपवला आहे: दोन कार्डं, फॉरवर्डिंग चालू करा, मास्करेडचा नियम लिहा, डीएनएसमास्क बसवा, झालं. पोराने आमचंच ऐकलं होतं.

त्याला कारण आहे. ही विद्या टंचाईच्या काळात जन्मली. मोजक्या पत्त्यांमागे अनेक यंत्रं लपवायची युक्ती मे 1994 मधल्या आरएफसी 1631 मध्ये मांडली गेली. घरात वापरायचे 192.168 चे खासगी पत्ते 1996 च्या आरएफसी 1918 ने ठरवून दिले. आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे सायबर कॅफे आले, तेव्हा प्रश्न होता तो एका फोन लाइनवर आणि एका खात्यावर चार यंत्रं कशी बसवायची हा. लिनक्सने तो फुकटात सोडवला. 2.2 कर्नलच्या काळात आयपीचेन्स होतं, 2001 मध्ये 2.4 बरोबर आयपीटेबल्स आलं, 2014 मध्ये 3.13 बरोबर एनएफटेबल्स. हत्यारं बदलली, काम तेच राहिलं. आता हे काम हजार-दीड हजाराचा राउटरही करतो. मग घरात लिनक्सचं यंत्र कशाला ठेवायचं, असं गिऱ्हाईक विचारतं, आणि आपल्यातले बरेच जण त्यावर गप्प बसतात.

उत्तर त्या घरातच मिळालं. डेस्कटॉपवरून बाहेरच्या एका सर्व्हरला पिंग लावून ठेवला. एरवी वीस-पंचवीस मिलिसेकंदांत परत येणारं उत्तर, संध्याकाळी थोरल्या भावाने फोन वायफायला जोडला आणि फोटोंचा बॅकअप सुरू झाला, तसं सेकंदाच्या वर गेलं. त्यातच दारावरचे कॅमेरे दिवसभर क्लाउडवर चित्रं चढवत होते. सगळा भार अपलोडवर. प्लॅन वाढवला तेव्हा डाउनलोड वाढला होता, अपलोड होता तिथेच.

याचं गणित सोपं आहे. अपलोड 2 एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या पोटात 256 केबीचा साठा आहे असं धरा. तो साठा भरला की शेवटी आलेल्या पॅकेटला बाहेर पडायला साधारण एक सेकंद लागतो. मुलीच्या टेस्टमधली एक टिचकी त्या ढिगाच्या शेपटाला उभी राहते. वर डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेतून जातात, म्हणून अपलोड तुंबला की डाउनलोडही रेंगाळतो. एक्स विंडो सिस्टिमवर काम केलेले जिम गेटिस यांना 2010 मध्ये घरून मोठ्या फायली पाठवताना हेच दिसलं आणि त्यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव रूढ केलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल मांडलं. पाठोपाठ एफक्यू-कोडेल लिनक्स 3.5 मध्ये आलं, आणि 2018 मध्ये 4.19 बरोबर केक. म्हणजे औषध कर्नलमध्ये कधीचं आहे. आपण ते बाटलीतून काढत नाही.

केकबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेही आपण अर्ध्यावर थांबतो. मराठवाड्यात भावकीची सामायिक विहीर काय असते हे कुणाला समजावून सांगायला नको. चार भावांचा चार-चार आणे हिस्सा, पाण्याची पाळी ठरलेली. आता समजा पाळी मोडली आणि 'प्रत्येक मोटारीला सारखं पाणी' असा नियम केला. एका भावाची एक मोटार आणि दुसऱ्याने सात सोडल्या, तर नियम पाळूनही एकाचं शेत वाळणार. एफक्यू-कोडेल मोटारी मोजतं. बॅकअप घेणारा फोन एका वेळी दहा-वीस कनेक्शनं उघडतो, टेस्ट देणाऱ्या मुलीचं एकच असतं. केकला घरं मोजता येतात. आधी प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा आणि मग त्या वाट्यात त्याच्या कनेक्शनांची वाटणी, असं त्याला सांगता येतं. अपलोडच्या बाजूला ड्युअल-एसआरसीहोस्ट, डाउनलोडच्या बाजूला ड्युअल-डीएसटीहोस्ट.

खोच अशी की बाहेरच्या कार्डावर केक बसवलं, तर पॅकेट त्याच्याकडे मास्करेड होऊन येतं. तोवर सगळ्यांनी एकच मुखवटा चढवलेला असतो. केकला सगळं घर एकच माणूस दिसतं आणि घरं मोजणं फुकट जातं. त्यासाठी 'नॅट' हा एक शब्द पर्यायात जोडावा लागतो, की केक कर्नलच्या कनेक्शन-नोंदीतून मूळचा आतला पत्ता शोधून काढतं. आमच्या वाचकाच्या यंत्रावर केक होतं, हे सांगायचं राहिलंच. 'नॅट' नव्हतं, आणि वेगमर्यादाही नव्हती. वेगमर्यादा नसली की रांग आपल्याकडे लागतच नाही. ती पुढे ऑपरेटरच्या मोडेममध्ये लागते आणि तिथे आपलं राज्य नाही. मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घातली की तुंबण्याची जागा आपल्या यंत्रात येते. पाटाला पाटकरी हवा, आणि तो पाण्याच्या वरच्या अंगाला उभा हवा. (याच महामार्गाच्या उत्तर टोकाला, धुळ्याच्या पांझरा नदीवर, फड पद्धतीत पाटकऱ्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे.) डाउनलोडसाठी आत येणारी पॅकेटं आयएफबी या खोट्या कार्डावर वळवून तिथे दुसरा केक बसवायचा. डाउनलोडची रांग खरं तर ऑपरेटरकडे असते, त्यामुळे इथे थोडा जास्त वेग सोडून द्यावा लागतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर स्पीड टेस्टचा आकडा घटला म्हणून रात्री फोन येईल.

लाइन फायबरची असेल तर हे एकदा बसवून विसरता येतं. फोर-जी किंवा फाइव्ह-जी डोंगलवर मात्र वेग दर तासाला बदलतो. तिथे सर्वांत वाईट वेळेचा आकडा धरा किंवा स्वतःहून वेग जुळवणारी स्क्रिप्ट लावा. आणि एखादी बँकेची साइटच तेवढी उघडत नसेल, बाकी सगळं चालत असेल, तर रांगेला दोष देऊ नका. पीपीपीओई लाइनवर एमटीयू 1492 असतो. एमएसएस क्लॅम्पिंगचा नियम राहिला असेल.

त्या घरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅकअप, कॅमेरे आणि टेस्ट एकदम चालवून पाहिलं. पिंग पन्नाशीच्या आत राहिला. वाढवलेला प्लॅन परत खाली आणायला आम्हीच सांगितलं.

डेस्कटॉपवर मात्र आमचा आक्षेप आहे. साठ वॉट खाणारं यंत्र चोवीस तास चाललं तर तीस दिवसांत 43 युनिट होतात, आणि लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर त्यालाच पोसत बसतो. सात-आठ वॉटचा, दोन लॅन पोर्टचा छोटा बोर्ड हेच सगळं करतो. केकला थोडा ताकदवान प्रोसेसर लागतो एवढंच. स्वस्त राउटरवर लिनक्स टाकून केक लावणाऱ्यांनी हार्डवेअर ऑफलोड बंद केलं आहे ना, हेही बघावं. ते चालू असलं की पॅकेटं केकला बगल देऊन निघून जातात.

निघताना घरमालक म्हणाले, "शेजारचा ढाबेवाला म्हणतोय, भिंतीवरनं एक वायर मला पण टाक, महिन्याला दोनशे देतो." वाचकाने आमच्याकडे पाहिलं. घरगुती कनेक्शन पैसे घेऊन विकता येत नाही, हे त्याला माहीत होतं. पण 'नाही' म्हणून विषय संपत नाही. ढाब्यावर वायफाय विकायचंच असेल तर पीएम-वाणी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्यात छोट्या दुकानदाराला परवाना लागत नाही, फक्त नोंदलेल्या अॅग्रिगेटरशी जोडून घ्यावं लागतं. ते काम आता आमच्या वाचकाने अंगावर घेतलं आहे. ढाबेवाला अजून दोनशेच्या वायरीवर अडून आहे.