दाखला हा उपकार नव्हे

नव्या नोकरीच्या अर्जासोबत जुन्या मालकाचे शिफारसपत्र मागितले जाते, तेव्हा संपलेल्या मालकीला पुन्हा सत्ता मिळते. थकलेला पगार मागणाऱ्याला, संघटनेत पुढे असणाऱ्याला ते पत्र कोण देणार?

1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांनी कायम कामगाराला सेवेच्या दाखल्याचा हक्क तरी दिला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. स्थायी आदेशांची सक्ती आता 300 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली. फैजपूर परिसरात अशी आस्थापने कितीशी? मधुकर सहकारी साखर कारखाना तर थकित कर्जापायी विकला गेला. केळीचे घड कापणाऱ्या, ट्रक भरणाऱ्या मजुराला आयुष्यभर कागद मिळत नाही; मुकादमाचा शब्द हीच त्याची शिफारस. आणि हे त्या गावी, जेथे 1936 साली काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला!

जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी दाखल्याचा हक्क आहे. त्यात सांकेतिक शब्दांनी छुपी निंदा करण्यासही कायद्याने मनाई आहे. येथे निदान कामाचे स्वरूप आणि कालावधी, एवढेच प्रत्येक मजुराला मागताक्षणी लेखी मिळावे, ही मागणी यावल तालुक्यातील कार्यकर्त्यांनी कामगार खात्यापुढे ठेवावी. स्वभावाविषयी मालकाने मौन पाळावे.