ओळख हा निकष असतो का?

आज थोडं स्वतःच्याच विरोधात लिहितोय.

एप्रिल २०२१ आठवा. रेमडेसिविरचा एवढा तुटवडा की केंद्रानं निर्यात बंद केली, आपल्याकडे वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात गेलं. मला दिवसभर फोन. "दादा, तुमची ओळख आहे, सहा इंजेक्शनचं तेवढं बघा ना."

मीही बघितलं. आतेभावासाठी एका अधिकाऱ्याला रात्री साडेअकराला फोन केला, सकाळी सहा व्हायल आल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा दोन दिवस चिठ्ठी घेऊन मेडिकल पालथी घालत होता. त्याच्याकडे कुठल्या पत्रकाराचा नंबर नव्हता. फरक एवढाच.

भाऊ बरा झाला. इंजेक्शननं झाला का? मला आजही सांगता येणार नाही. या औषधानं दाखल रुग्णांचा जीव वाचतो असा पुरावा नाही, त्यांना ते देऊ नका, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २० नोव्हेंबर २०२० लाच केली होती. उलट ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी करणारं डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड जून २०२० पासून माहीत होतं. त्यासाठी कुणी वणवण केली नाही. वणवण झाली ती महागड्या बाटलीसाठी, आणि ती वाढवण्यात आमच्या बातम्यांचाही हात होता.

कुणी म्हणेल, "अहो, तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं." मान्य! पण म्हणूनच तर नियम लागतो. औषधाचा गुण नक्की माहीत नाही आणि साठाही कमी, मग कुणाला द्यायचं हे आधीच कागदावर ठरवा. ज्याला उपयोग होण्याची शक्यता जास्त, तो आधी. निर्णयाचं ओझं उपचार करणाऱ्या डॉक्टरवर नको, वेगळी समिती करा. कुठल्या हॉस्पिटलला किती व्हायल गेल्या, ते रोज फलकावर लावा. आणि दोन रुग्ण सारखेच असतील तर सरळ सोडत काढा.

हसू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यूपीएमसी या रुग्णालय समूहानं २०२० मध्ये याच रेमडेसिविरसाठी सोडत पद्धत वापरली. म्हाडाच्या घराला सोडत चालते, मग इथं का नको?

"म्हणजे जीव चिठ्ठीवर सोडायचा?" असं विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे. तेव्हा आपण तो फोनवर सोडला होताच की! चिठ्ठीला निदान मामा-काका नसतात.

पुढची साथ सांगून येणार नाही. आपल्या जिल्ह्यात असा लेखी नियम आहे का, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथंच टाकेन.

आणि हो, उद्या पुन्हा घरातलंच माणूस आजारी पडलं तर मी फोन करणार नाही, अशी हमी देत नाही. म्हणूनच माझाही फोन न ऐकणारा नियम हवाय.